वर केलेला हात

सुमतीमावशींवर अन्याय झाला तो गेल्या रविवारी, उपासना संपल्यावर, चर्चच्या भर सभेत. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, बदलून गेल्यापासून आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जातात त्या मावशीच.

"नवा पाळक शोधायच्या समितीत कोण येतंय?" सेक्रेटरींनी विचारलं. मावशींनी हात वर केला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

"वा! समारोपाची प्रार्थना मावशी करतील," सेक्रेटरी म्हणाले. समितीत सगळे पुरुषच बसले.

बाईचा हात वर गेला, की तो देवाकडेच गेला असं आपण खुशाल धरून चालतो.

मावशींनी डोळे मिटले. "प्रभू, मला समितीत यायचं होतं. तुला तरी हात दिसला ना?"

सवयीने सगळे मोठ्याने म्हणाले, "आमेन!"

आमेन म्हणजे 'तसंच होवो'. त्या सभेत बसलेले तुम्हीही म्हणालात. मग येत्या रविवारी उभे राहा आणि मावशींचं नाव समितीत घ्यायला लावा.