विहीणबाईंच्या बाजूची कडी

माझ्या विहीणबाईंनी मला फसवलं. आमच्या दोन घरांच्या मधली भिंत दोघींच्या संमतीने फोडली, दोघींच्या संमतीने तिथे दार बसवलं, आणि त्या दाराला त्यांनी मला न विचारता आपल्या बाजूने कडी लावून घेतली. पुढचं सगळं मी हसत हसतच सांगणार आहे, कारण ते दिवस होतेच तसे. पण ही कडी कुणी विसरू नये.

मी उल्हासनगरात जीन्सचं फिनिशिंग करून देते. धागे कापायचे, बटणं ठोकायची, लेबल शिवायचं. एका मशीनवर सुरुवात केली होती, आता स्वतःचा गाळा आहे. गाळ्यातलं घड्याळ मी पुढे करून ठेवते, म्हणजे बायका वेळेवर येतात. भाव करायला बसले की समोरचा व्यापारी आधी पाणी मागतो, मग पंखा वाढवायला सांगतो. हे मी कौतुक करून घेण्यासाठी सांगत नाही. अशा बाईला एका मोमोवालीने गंडवलं, हे लक्षात यावं म्हणून सांगते.

मला मुलगी एकच. तिने एके दिवशी जेवताना सांगितलं, मुलगा बघितलाय, नेपाळी आहे. मुलगा जन्माने अंबरनाथचा, आता बदलापुरात राहतो, आनंदनगरला केमिकल कंपनीत नोकरी, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. वडील त्याच भागात सिक्युरिटीत होते, आता घरी. आई बदलापूर स्टेशनजवळ मोमोचं छोटं हॉटेल चालवते.

आमच्या ह्यांनी एकच विचारलं, "बौद्ध आहेत का?"

"पप्पा, ते पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध आहेत," मुलगी म्हणाली. "आपण छप्पन सालचे."

हे मला जरा लागलं. छप्पन साली माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली ती विचार करून घेतली. आयतं मिळण्यापेक्षा ते भारी. पण मुलीचा चेहरा असा उजळला होता की मी वाद पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला.

बैठक त्यांच्याच हॉटेलात झाली, दुपारी, अर्धं शटर ओढून. विहीणबाई ठेंगण्या, कानात सोन्याची मोठी फुलं, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. भिंतीवर दोन घड्याळं होती आणि त्यांत पंधरा मिनिटांचा फरक.

"एक बिघडलंय वाटतं," मी म्हटलं.

"नाही दिदी. ते नेपाळचं. तिकडे पंधरा मिनिटं पुढे."

"एवढ्याशा पंधरा मिनिटांसाठी वेगळी वेळ कशाला? आमचीच ठेवायची की!"

"मग तुम्हीच करा ना पंधरा मिनिटं पुढे," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात मोमो वाढले.

बाई कामाची आहे, हे मला तिथेच कळलं. मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, आपलं सगळं एकच आहे, भात एक, वरण एक, वैशाख पौर्णिमा एक, बुद्ध तर आमचेच.

"बुद्ध नेपाळमध्ये जन्मले."

"ज्ञान कुठे मिळालं? बोधगयेला. पहिलं प्रवचन सारनाथला. शेवट कुशीनगरला. चारातले तीन आमचे."

"माहेर एकच असतं, दिदी."

त्यांचे यजमान खाली बघून हसत होते. आमचे हे चटणीचं कौतुक करत होते. मी मात्र आनंदाने नुसती फुलून गेले होते. कितीतरी वर्षांत मला कुणी इतक्या सफाईने गप्प केलं नव्हतं.

मग एकेक कलम ठरत गेलं. लग्न पांढऱ्या कपड्यांत, आमच्या पद्धतीने, त्रिशरण-पंचशील म्हणून. त्यांचे लामा मागून आशीर्वाद देणार आणि गळ्यात पांढरा खादा, म्हणजे त्यांचं मानाचं उपरणं, घालणार. दसऱ्याला त्या घरातल्या सगळ्यांच्या कपाळाला दही-तांदळाची लाल टीका लावतात. मी म्हटलं, लाल रंग आमच्या कपाळाला चालणार नाही. त्या म्हणाल्या, आमच्यातही पुष्कळ जण पांढरीच लावतात. मी म्हटलं, मग पांढरी, पण लहान. त्या म्हणाल्या, तांदळाचा दाणा जेवढा असतो तेवढीच असणार. ठरलं. वाटाघाटीनंतर मी इतकी खुश कधीच नव्हते. बदलापूरहून अंबरनाथला आमच्या घरी येईपर्यंत रिक्षात मी ह्यांना नेपाळ आणि भारत एक का झाले पाहिजेत हे समजावत होते. रिक्षावाल्यालाही पटलं होतं.

लग्न झालं आणि आम्ही सगळे लुंबिनीला गेलो. सीमेवर एक कमान आहे. तिच्याखालून मी पायी चालत दुसऱ्या देशात गेले आणि माझ्या चपलेलाही ते कळलं नाही. व्हिसा नाही, पासपोर्ट नाही. मी हसत परत मागे आले, परत पुढे गेले. तिसऱ्या खेपेला तिथल्या पोलिसाने विचारलं, "काय हरवलं का?" विहीणबाई मला दंडाला धरून ओढत होत्या आणि स्वतःही हसून हसून डोळे पुसत होत्या. माझ्या पिशवीत सुके बोंबील होते. पोलिसाने पिशवी उघडली, नाक आक्रसलं आणि हात जोडून जाऊ दिलं. मी म्हटलं, बघा, ही खरी मैत्री.

त्याच आनंदाच्या भरात मी अंबरनाथचं घर विकलं आणि बदलापुरात, कुळगावला, विहीणबाईंच्या शेजारचा फ्लॅट घेतला. मुलगी भिंतीपलीकडे. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा भिंत फोडायची कल्पना कुणाची, हे मला आठवत नाही. दोघींना एकदमच सुचली असावी. इंजिनियरने भिंत बघून होकार दिला. सोसायटीचे सेक्रेटरी कुरकुरले, पण त्यांना मोमो आवडतात.

मग प्रश्न आला, दार उघडणार कुणीकडे? माझ्याकडे उघडलं तर माझं कपाट अडतं. त्यांच्याकडे उघडलं तर त्यांचा देव्हारा अडतो. दोन संध्याकाळी भांडून आम्ही तोडगा काढला: एका चौकटीत दोन दारं, पाठीला पाठ, प्रत्येकीचं दार आपापल्या घरात उघडणार. सुतार म्हणाला, असं काम त्याने फक्त लॉजमध्ये केलंय. आम्ही दोघी एकदम त्याच्यावर ओरडलो.

उद्घाटनाला चौकटीला खादा बांधला. त्यांच्याकडचे नातेवाईक आले, आमच्याकडचे आले, खीर झाली, मोमो झाले. इमारतीतली पोरं एका घरातून शिरायची, दुसऱ्यातून निघायची आणि जिन्यातून ओरडत परत पहिल्यात. मी भाषण केलं. म्हटलं, "भारत मोठा भाऊ, नेपाळ धाकटा भाऊ, मग मध्ये भिंत कशाला?" टाळ्या पडल्या. विहीणबाईंनीही वाजवल्या. मी नीट पाहिलं होतं.

त्यानंतरचे दिवस म्हणजे जत्रा. सकाळी माझा चहा तिकडे, त्यांचा इकडे. त्यांनी बाल्कनीत गुंद्रुक वाळत घातलं, ती त्यांची आंबवलेली भाजी, की वास माझ्या न्हाणीघरापर्यंत. मी बोंबील भाजले की त्यांच्या बाजूने खोकल्याचा आवाज.

"दिदी, मेलेलं काय जाळताय?"

"तुमचं कुजलेलं पुरे झालं की कळवा, मग विझवते."

मुलगी पोट धरून हसायची. जावई म्हणायचे, "आई, दोन्ही वास मिळून तिसरा देश तयार झालाय."

आणि एका रविवारी दुपारी मी बोंबलाची चटणी वाटीत घेऊन निघाले. मुलीला सातवा लागला होता, तिला हीच हवी होती. माझं दार उघडलं. त्यांचं ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं. आतून लोखंडाचा आवाज आला.

"विहीणबाई! दार अडकलंय!"

"अडकलं नाही दिदी. कडी आहे."

वाटी हातात तशीच. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कडी? कुणी लावली?"

"मी. हळू बोला. बुहारी झोपलीय." त्या सुनेला बुहारी म्हणतात.

"तुमची बुहारी माझी मुलगी आहे! माझ्या मुलीच्या आणि माझ्या मध्ये कडी?"

"तुमच्या दारालाही आहे की."

हो, आहे. माझी गोष्ट वेगळी. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात शिरून मसाल्याचे डबे आपल्या सोयीने लावून ठेवले. दोन दिवस मी हळदीच्या डब्यात जिरं शोधत होते. घरात पाहुणे असतात, बाईला कपडे बदलायचे असतात. म्हणून कडी. मी ती एकदाही लावली नव्हती. नुसती होती.

"तुम्हाला काय करायची होती कडी?" मी दारालाच विचारलं.

त्या दाराजवळ येऊन हळू म्हणाल्या, "तुम्ही भाषणात भाऊ म्हणालात. धाकटा म्हणालात. आमचे हे एवढी वर्षं गेटवर उभे होते, नाव सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणी नावाने हाक मारली नाही. सगळे बहादूर म्हणायचे, तेही प्रेमाने. आता घरातसुद्धा आम्ही धाकटेच का?"

मला माझी आई आठवली. वांगणीकडच्या गावात ती एका घरी भात झोडायला जायची. ते लोक फार गोड. "आपण सगळे एकच गं," असं म्हणत चहा द्यायचे आणि आईचा कप गोठ्याच्या वळचणीला वेगळा ठेवलेला असायचा. आपण एकच, हे ज्याचं घर असतं तोच म्हणतो. हे मला माहीत होतं. ते मलाच कुणीतरी दारापलीकडून ऐकवावं, याचा मला इतका राग आला की मी चटणी तिथेच उभ्याने खाऊन टाकली.

"तुम्ही माझी कडी बघितलीत, मग तुमची लावलीत?" मी विचारलं.

"नाही. माझी आधीच होती."

"म्हणजे तुम्ही आधी!"

"तुम्ही आधी!"

एवढ्यात मुलगी उठली आणि आतून ओरडली, "दोघी गप्प बसा नाहीतर मी हॉस्पिटलातून तिसऱ्याच घरी जाईन!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकाच रिक्षाने उल्हासनगरला गेलो. कड्या बसवणारा सुतार गावी निघून गेला होता, पण हार्डवेअरचं दुकान तिथेच होतं. मालक सिंधी, म्हातारे, त्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं खिळे-बटणं घेते. मी विचारलं, साईं, उद्घाटनानंतर आमच्यातली कोण आधी कडी न्यायला आली?

ते आमच्याकडे बघून इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. "दोनों एक ही दिन आईं. एक ही डिब्बे में से दी. और दोनों ने पूछा, बाहर से दिखती तो नहीं ना?"

"पहले कौन?"

"वो मैं नहीं बोलूंगा. दोनों मेरी गिऱ्हाईक हैं."

मग ते सुतळीची गुंडाळी करत म्हणाले, "हमारा भी उधर, सिंध में, सब एक था. बोली एक, खाना एक, पीर भी एक. आज भी बुलाते हैं, आओ ना. जाऊंगा. मिलने जाऊंगा." आणि मग बोट वर करून, "लेकिन ताला अपना ले के."

विहीणबाई हसल्या. मीही हसले, पण माझं काम झालं नव्हतं. बाहेर येऊन उसाचा रस घेताना मी सरळ विचारलं, "तुम्ही किती वाजता आला होता?"

"दोनला."

"मीही दोनला आले. जेवणाच्या सुट्टीत, गाळ्यातलं घड्याळ बघून. मग आपण भेटलो कशा नाही?"

त्यांनी रसाचा मोठा घोट घेतला. माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला.

"तुम्ही हॉटेलातलं घड्याळ बघून निघालात ना? कुठलं? नेपाळचं? म्हणजे इथले पावणेदोन! म्हणजे तुम्ही आधी!"

"आणि तुमच्या गाळ्यातलं घड्याळ तुम्हीच पुढे ठेवता," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग तुमचे दोन म्हणजे किती?"

त्या इतक्या जोरात हसल्या की रसवाल्याने घुंगरू थांबवलं. मीही हसले, ते मी नाकारत नाही. रिक्षात आम्ही घरापर्यंत हसत आलो.

आता मुलीचा हुकूम आहे, दिवसा दोन्ही कड्या काढलेल्या हव्यात. सकाळी मी माझ्या दारामागे उभी असते, त्या त्यांच्या. मी त्यांची कडी सरकायची वाट बघते आणि मला पक्कं ठाऊक आहे, त्याही कान लावून असतात. बाळ आलं की कदाचित त्याच्या रडण्यासरशी दोन्ही एकदम उघडतील. मला तेच हवंय, अगदी मनापासून.

पण माझा मुद्दा त्याने संपत नाही. माझ्या घड्याळाचं मी बघून घेईन, ते मी फार तर पाच-सात मिनिटं पुढे ठेवते. विहीणबाई, तुमचा रस संपला, हसून झालं, आता सांगा. तुम्ही दोनला आला होता, ते तुमच्या भिंतीवरच्या कोणत्या घड्याळाचे दोन?