घासून पुसून

तिने तीस वर्षं इस्पितळात ऑपरेशनची खोली पुसली. डॉक्टर आले, गेले. तिने पुसलेल्या फरशीवर कुणाला डाग म्हणून सापडला नाही. सोबतच्या बायका तिला 'चकाचक' म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. निवृत्त झाली तेव्हा दोन्ही मनगटं कामातून गेली होती. साधा रुमाल पिळायचा म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

नेमका त्याच वर्षी नवरा अंथरुणाला खिळला. दिवसाला चार-चार चादरी. तिने कपडे धुण्याचं मशीन घेतलं आणि दिवस रेटले. बाबांना वृद्धाश्रमात ठेवू, असा लेकीचा धोशा होता. "मशीन चालतंय तोवर ते इथंच राहतील," ती ठणकावून सांगायची.

मशीन चाललं एक वर्ष आणि वीस दिवस. वॉरंटी एक वर्षाची. एका सकाळी फट्ट आवाज झाला, जळका वास सुटला आणि चादरी पाण्यातच राहिल्या. दुकानदाराने बिलावरची तारीख पाहिली आणि हात झटकले. कंपनीच्या फोनवरची पोरगी तर इतकं गोड बोलली, की तिला धड शिव्याही देता येईनात.

मेकॅनिकने मागचं झाकण काढलं. आतली वायर पत्र्याच्या धारेवर ताणून बसवली होती. घासून घासून तिचं आवरण गेलं होतं आणि पत्र्यावर काजळी धरली होती. "मावशी, हे पहिल्या दिवसापासून घासतंय. चूक बनवणाऱ्याची आहे," तो म्हणाला.

दीर कोर्टातला निवृत्त कारकून. त्याला एकदम हुरूप आला. "वहिनी, मुळातच दोष असेल तर वॉरंटी संपली म्हणून कंपनी सुटत नाही. ग्राहक मंचात अर्ज टाकू. तपासायला माणूस येईपर्यंत दुरुस्ती मात्र करायची नाही."

सात आठवडे गेले. ती बादलीत चादरी पायाने तुडवायची आणि न पिळताच कठड्यावर निथळत टाकायची. त्या वाळायच्या नाहीत. खोलीला कुबट वास धरला. तिच्या घराला वास! तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अखेर मंचाचा तपासनीस आज दुपारी येतोय असा निरोप आला. परका माणूस घरात येणार आणि मशीनचं ते काळंकुट्ट पोट त्याला दाखवायचं? तिने गरम पाणी, साबण, जुना ब्रश घेतला. लोंबणारी जळकी वायर ओढून काढली आणि कचऱ्यात टाकली. दुखऱ्या हातांनी पत्रा लख्ख केला. दुरुस्ती नाही हो केली, दिराचा शब्द तिने पाळला होता.

तपासनिसाने वाकून आत टॉर्च मारली. "मावशी, जळालंय कुठे?"

"इथंच होतं. पुसलं मी."

"आणि वायर?"

"कचऱ्याची गाडी येऊन गेली."

शेजारी उभ्या दिराने कचऱ्याचा डबा उलथा करून पाहिला. उभा जन्म कोर्टात काढलेल्या या माणसाला एक फोटो काढून ठेवायचं सुचलं नव्हतं, पण ते त्याला कोण सांगणार?

"मी दिसतं तेच लिहिणार," तपासनीस हळूच म्हणाला. "दोषाची खूण आढळली नाही. वायर ग्राहकाने काढली." त्यालाही वाईट वाटत होतं. ती मात्र स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. त्या क्षणी तिला ते हात तोडून टाकावेसे वाटले.

आतल्या खोलीत नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी तिने पाणी पुढे केलं तर तो म्हणाला, "तहान नाही." दुसऱ्या दिवशीही तेच, कसेबसे दोन घोट. तिला वाटलं, रागावलेत. तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ फुटले, जीभ टाळ्याला चिकटायला लागली.

"अहो, घोटभर तरी प्या. माझ्यावरचा राग पाण्यावर कशाला?"

"राग नाही गं," तो म्हणाला. "चादर कोरडी राहिली की तुला धुवायला नको."

तिने पेला उशाशी ठेवला. मग तिने लेकीला फोन लावला.

"उद्या ये. बाबांना आश्रमात घेऊन जा," ती म्हणाली. "तिथं ते पाणी पितील."