फाटकापर्यंत इंजिन
तीन मार्च. सकाळी दाराच्या बिजागऱ्यांना टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल घालत होते. त्या उग्र वासासरशी चौऱ्याण्णव सालची एक दुपार आठवली. आमच्या लाकूड डेपोत जंगलातून सागाचे ओंडके ओढून आणणारं वाफेचं छोटं इंजिन होतं. ट्रक आल्यापासून ते शेडमध्ये पडून होतं, आणि त्या दिवशी भंगारवाला त्याला न्यायला हजर होता. डेपोच्या साहेबांनी एवढंच कबूल केलं होतं की स्वतःच्या वाफेवर ते फाटकापर्यंत आलं, तर भंगारात न देता तिथेच ठेवू. शेजारचे म्हातारे ड्रायव्हरभाऊ धापा टाकत माझ्या दारात आले. "बाई, विहिरीचा दोर द्या!" "काऊन, फाशी घेता का?" "इंजिनाले पाहिजे जी, पिस्टनजवळून वाफ गळून राह्यली!" मी अंबाडीचा नवाकोरा दोर कोयत्याने तोडला, पीळ सोडवून टोळीच्या तेलात बुडवला आणि त्यांच्यामागे धावले. त्यांनी वाफ बंद करून तो पिस्टनच्या दांड्याभोवती ठासून भरला, नट आवळले. भंगारवाला हसला, "भाऊ, आता चहा ठेवा त्याच्यावर." भाऊंनी वाफ सोडायचा दांडा ओढला. चाकं कुरकुरली, थांबली आणि एकदम हलली! मी पदर खोचून रुळाशेजारून पळत "चाल, चाल!" असं ओरडत होते. फाटकाशी पोचल्यावर भाऊंनी शिट्टी इतकी लांबवली की उरलेली वाफ तिच्यातच संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरचं घमेलं नेलं आणि पावसाळ्यात पाणी आत जाऊ नये म्हणून धुराड्यावर पालथं घालून तारेने बांधलं.