आजोबा मागावर जातात

करी रोडच्या आमच्या खोलीत पुतणी खेळण्यातल्या ठोकळ्यांनी गिरणीचा सिनेमा बनवत होती. माणूस जरा सरकवायचा, मोबाइलवर फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. पणजोबांचा बाहुला तिने कापड विणायच्या मागावर उभा केला.

"तिथे नको गं," माझे वडील म्हणाले. "माझ्या बापाला मागावर घेत नव्हते. तिथे धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागायचा. आपल्या जातीचं उष्टं कुणाला चालायचं नाही."

यावर चळवळीसाठी मी कित्येक पत्रकं लिहिली होती.

तिने बाहुला ठोकळ्यांच्या गिरणीच्या दाराशी नेला. "आबा, आता आणू मागावर?"

वडील तिच्या शेजारी येऊन बसले. "आण. पण चालत आण."

चाळीस फोटो झाल्यावर तिने सिनेमा लावला. माझे आजोबा मागापर्यंत चालत गेले, आणि त्यांना कुणी अडवलं नाही.