आकड्यांवरचं कापड

मराठीत आपला जीव टांगणीला लागतो. यॉर्कशरच्या डोंगरात तो आकड्यांवर चढतो. आता सगळा इंग्लंड देश तसं म्हणतो, पण ते आकडे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस शोधून सापडायचं नाही. केझाया बॅराक्लफने नुसते पाहिले नव्हते, तिची बोटं त्यांनी सोलून काढली होती.

गिरण्यांची धुराडी उभी राहायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा घरोघरी माग असे. विणलेलं लोकरी कापड ओढ्यावरच्या पाणचक्कीत कुटून दाट करायचं आणि ओलंच उतारावरच्या लांबलचक लाकडी चौकटींवर चढवायचं. वरच्या आणि खालच्या दांड्यांना वाकड्या खिळ्यांचे आकडे असत. काठ त्यांत अडकवायचे, खालचा दांडा ठोकून कापड ताणायचं आणि वाळेपर्यंत आभाळाकडे बघत बसायचं. तिथल्या आभाळाचा काय भरवसा! जीव आकड्यांवर जाणार नाही तर काय होणार?

नवरा गेल्यावर केझायाने माग स्वतः चालवला. ओल्या कापडाचा भार बाईला झेपायचा नाही, असं म्हणणारे पुष्कळ होते. तिने पहिला ताका एकटीने चढवला आणि त्या सगळ्यांची तोंडं बंद केली.

त्या शरदात इलिंगवर्थ नावाच्या व्यापाऱ्याने सांगून टाकलं, की यापुढे वर्षभर एकाच घरचं कापड घेणार. केझायाला ते काम मिळालं नाही तर माग विकून शेजारच्या जोनास अॅक्रॉइडकडे सूत कातायला बसावं लागणार होतं. आणि नेमकं याच वेळी चक्कीवाल्याने तिचं कापड जास्त कुटलं. आटून ते ठरल्या मापापेक्षा अर्धा वार कमी भरलं.

"अगं पोरी, रडतेस काय?" जोनास आपल्या चौकटीवरून ओरडला. "दांडा ठोक, टोकाला हिसका दे! अर्धा काय, पाऊण वार निघेल."

"रडतंय कोण? वारं झोंबतंय डोळ्यांना. आणि काका, ओढून वाढवलेलं कापड भिजलं की परत आखडतं."

"आखडेल तेव्हा आखडेल! तोवर त्याचा कोट होऊन कुणाच्या तरी अंगावर चढलेला असेल."

"तेच तर! कुणाच्या तरी अंगावर असेल ना!"

बोलायला ती बोलली आणि दांडा ठोकायची लाकडी मोगरी हातात घेतली. दोन ठोके जास्त घातले की माग वाचत होता. तिने सुरकुती निघेल एवढंच ठोकलं आणि मोगरी खाली ठेवली. मग संध्याकाळपर्यंत ती कापडासमोर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वाटेवर माळरानातच सगळ्या विणकरांना पावसाने गाठलं. तट्टांवरचे गठ्ठे चिंब झाले. बाजारात इलिंगवर्थ गज घेऊन उभाच होता.

"साहेब, माझं अर्धा वार कमी आहे," केझायाने आधीच सांगितलं. "मागाहून ओरड नको."

"विकायला आलीस की स्वतःच्या मालाची बदनामी करायला?" जोनास म्हणाला आणि सगळे हसले.

इलिंगवर्थने आधी जोनासचंच कापड मोजलं. गज संपायच्या आधी कापड संपलं! दोन वार गायब.

"पावसाने खाल्लं, साहेब!"

"पाऊस कापड खात नाही, काका," केझाया म्हणाली. "तुम्ही ओढलेलं तेवढं त्याने परत घेतलं."

आणखी तिघांचं मोजून झालं, तिघांचंही कमीच भरलं. केझाया आपल्या गठ्ठ्याकडे बघत होती. आपलंही आखडलं असेल तर? इलिंगवर्थ तिच्यापुढे आला आणि त्याने गज काखेत मारला.

"तुझं मोजायला नको, बाई. वर्षभर तुझंच घेईन."

दुसरी कुणी असती तर पाया पडली असती. केझाया फणकारली. "का म्हणून नको? सगळ्यांचं मोजलंत तसं माझंही मोजा. आणि मोठ्याने मोजा."

त्याने मोजलं. बरोब्बर अर्धा वार कमी भरलं, बोटभरही इकडे तिकडे नाही. केझाया ताठ मानेने गर्दीतून बाहेर पडली.

पुढे दर बाजाराला इलिंगवर्थ तिचा गठ्ठा न मोजताच उचलायला जाई, आणि दर वेळी ती गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणे, "मोजा, साहेब."