शेवटचं कडवं

सकाळी चहा गाळत होते. रेडिओवरची निवेदिका आजच्या तारखेला रॉक संगीतात काय काय घडलं ते सांगत होती. कुणाची पहिली तबकडी निघाली, कुणाचा बँड फुटला, कुणी मंचावर गिटार आपटून फोडली. सगळं दूरच्या देशांत. मला मात्र साताऱ्यातलं आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन आठवलं.

माझी थोरली बहीण वसुताई उसनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन मंचावर उभी होती. गाणं तिनंच लिहिलेलं. पहिलं कडवं संपतंय तोच प्राचार्यांनी खूण केली आणि कुणीतरी वायर उपसली. माइकही गेला. विजेशिवाय ती गिटार डासासारखी गुणगुणली आणि पुढच्या रांगा हसल्या. ताईनं गिटार खाली ठेवली, मंचाच्या कडेपर्यंत आली आणि फळ्यांवर पाय आपटत उघड्या गळ्यानं तेच गाणं पुढे म्हणू लागली. हळूहळू मागच्या बाकांवरच्या मुलींचेही पाय वाजू लागले.

प्राचार्य वर चढले. "पुरे! खाली उतरा."

"उतरते सर, एक कडवं राहिलंय," ती म्हणाली आणि तिनं ते पूर्ण म्हटलं.

इतिहास बहुधा असाच घडत असावा. कुणीतरी गप्प बस म्हणतं आणि कुणीतरी बसत नाही.

आम्ही घरी पोचलो तेव्हा बाबांना सगळं कळलेलं होतं. "एवढ्या लोकांत लाज नाही वाटली?"

"वाटली ना, बाबा," ताई चपला काढत म्हणाली. "दुसऱ्या कडव्यापर्यंत वाटली."