साडी आणा, उन्हात पाहू

घरोघरी कपाटाच्या तळाशी ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांचा ढीग असतो. शिवून होत नाहीत आणि टाकवतही नाहीत. काकाजींच्या किश्श्यांचं माझ्याकडे तसंच झालंय. काकाजी म्हणजे सक्करदऱ्यातल्या मॅचिंग सेंटरचे मालक. मूळ उमरेडचे, विणकरांच्या घरातले. आम्ही शाळेतल्या बाया त्यांच्या पक्क्या गिऱ्हाईक. निदान तसं म्हणवून घ्यायचो.

०००

काकाजींचा एकच कायदा होता. साडी आणल्याशिवाय ब्लाउजपीस मिळणार नाही! आणि साडी आणली तरी दुकानात बघायची नाही. "ट्यूबलाइट खोटं बोलते," म्हणायचे आणि ताका काखेत मारून थेट रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर!

माझ्यासोबत शिकवणाऱ्या नंदाला त्यांनी मे महिन्यात भर दुपारी असं उन्हात उभं केलं. चार गुलाबी झाले, पाचवा लावून पाहत होते.

"काकाजी, मले चक्कर येऊन राहिली ना!"

"चक्कर आली तं पाणी देतो वं. रंग चुकला तं काय देऊ?"

०००

एक बाई साडीऐवजी साडीचा फोटो घेऊन आल्या. "मोबाइल नवा आहे, रंग अगदी तसाच दिसतो," असं त्यांचं म्हणणं. काकाजींनी वाद घातला नाही. मोबाइल घेतला आणि गेले फुटपाथवर. उन्हात त्या स्क्रीनवर काय दिसणार, कप्पाळ! परत येऊन शांतपणे म्हणाले, "बाई, तुमची साडी तं काळी हाये."

०००

तो फुटपाथ होता दुसऱ्या एका मॅचिंगवाल्याच्या दारात. आपल्याकडच्या ताक्यांपैकी एकही जुळला नाही, की काकाजी गिऱ्हाइकाला तिथूनच त्या दुकानात ढकलायचे. वर सांगायचे, "माझं नाव सांगा, नीट दाखवतील."

हुक, लेस, अस्तराचं काउंटर काकू सांभाळायच्या. त्यांचा जीव जळायचा. एकदा भरल्या दुकानात म्हणाल्या, "तुम्ही हे दुकान टाकलं का त्याच्या दुकानाची पाटी?"

"रंग त्याच्याकडे हाये, मी काय करू?" काकाजी म्हणाले. आम्ही खूप हसलो. काकू हसल्या नव्हत्या, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

०००

आमच्या गॅदरिंगचे कपडे वर्षानुवर्षं काकाजींच्या कापडातून शिवले जायचे. दिवाळी झाली, की ते न सांगता ताके मागवून ठेवायचे. एका वर्षी मीटिंगमध्ये ठरलं, यंदा ऑनलाइन मागवू, घरपोच येतं. काकाजींनी पोपटी ताके आणून ठेवलेत, हे मला ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात त्यांनी मला दाखवले होते. मी मीटिंगमध्ये समोसा खात गप्प बसले.

पोपटांच्या नाचाचं कापड आलं ते दोन प्रकारचं हिरवं! निम्मे पोपट एका रंगाचे, निम्मे दुसऱ्या. त्यातल्या एका हिरव्याला जुळणारं कापड मागायला शेवटी मीच तोंड वर करून काकाजींकडे गेले. त्यांनी दोन्ही तुकडे उन्हात नेले, पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, दोन तुकड्या करा. पोपट अ अन् पोपट ब."

ताक्यांचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. गॅदरिंगला पाहुण्यांनी भाषण केलं, स्थानिक दुकानदारांना साथ द्या म्हणून. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.

०००

नंतर मी शहराबाहेर बेसाला राहायला गेले. सक्करदऱ्यात पार्किंग मिळत नाही, हे कारण सापडलं. साड्या ऑनलाइन येऊ लागल्या, सोबत शिवलेला ब्लाउज.

नंदाच्या मुलीच्या लग्नाला काकाजी आले होते. मी अशीच एक जांभळी साडी नेसून मिरवत होते. नंदानं त्यांना विचारलं, "काकाजी, जेवले का?"

"जेवलो वं. सगळं मस्त झालं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "फक्त मॅडमले उन्हात नेऊ नको!"

नंदा खो खो हसली. मीही हसले. पण घरी येऊन साडी बाल्कनीत नेली. साडीचा जांभळा आणि ब्लाउजचा जांभळा एकमेकांना ओळखत नव्हते.

०००

गेल्या महिन्यात नंदाचा फोन आला. "अवं, काकाजी दुकान बंद करून राहिले. आज शेवटचा दिवस. सगळं अर्ध्या किमतीत."

मी गेले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे जुने चेहरे होते, वर्षानुवर्षं न फिरकलेले. माझ्यासारखेच. मला इतकी लाज वाटली, की मी दिसतील ते दहा ब्लाउजपीस उचलले आणि काकाजींपुढे ठेवले. "हे सगळे द्या."

"साडी?"

"घरी आहे."

"मग आणा."

"काकाजी, आज शेवटचा दिवस आहे!"

"म्हणूनच तं म्हणून राहिलो. उद्या बदलून द्यायले मी नसन."

दहाही पीस त्यांनी पुन्हा फळीवर लावले. मी चिडले, भर दुकानात रडायलाही आलं. मग बेसाला जाऊन तीच जांभळी साडी घेऊन आले. चार वाजले होते. पलीकडच्या फुटपाथवर अजून ऊन होतं. एवढी गर्दी काउंटरवर सोडून काकाजी चार जांभळे ताके घेऊन माझ्यासोबत रस्ता ओलांडून आले. एकेक लावला. लांबून पाहिला, जवळून पाहिला. चौथा मला चांगला वाटला.

"हा जमतोय, काकाजी. द्या ना हा."

त्यांनी मान हलवली. साडीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. काकू काउंटरवरून आमच्याकडेच पाहत होत्या.

काकाजींनी मागच्या, त्या दुसऱ्या मॅचिंगवाल्याच्या दाराकडे हात केला.

"आत जा मॅडम. माझं नाव सांगा, नीट दाखवतील."